छोट्या छेदाची हार्ट सर्जरी झाली, आता घरी स्मार्टवॉच किती कामाचं?

माझ्या मामाची बायपास छाती मधोमध न कापता, डाव्या बरगड्यांमधल्या छोट्या छेदातून झाली. पाचव्या दिवशी घरी. सगळे म्हणाले, 'अरे, छोटंसंच तर ऑपरेशन!' इथेच गडबड होते. छेद छोटा असतो, पण हृदयावरचं काम तेवढंच मोठं असतं.

फायदा आहेच. नेहमीच्या पद्धतीत छातीचं मधलं हाड कापतात आणि ते जुळायला साधारण दोन-तीन महिने लागतात. इथे ते शाबूत राहतं. पण बरगड्यांमधल्या नसा दुखावतात, त्यामुळे सुरुवातीला श्वास घेताना चांगलंच दुखतं. मग पेशंट श्वास वरवर घेतो, खोकायला घाबरतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. मामा पेनकिलर टाळायचा, 'सवय लागेल' म्हणून. डॉक्टरांनी समजावलं, दुखणं कमी झालं तरच तू चालशील आणि ते तीन बॉलचं यंत्र ओढशील. २०१९ मध्ये हार्ट सर्जरीनंतर लवकर बरं होण्यासाठी ज्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्स आल्या, त्यांचाही भर यावरच आहे: व्हेंटिलेटर शक्यतो सहा तासांत काढा, वेदना नीट आवरा, पेशंटला लवकर चालवा.

आता आपला विषय. मी मामाच्या हातात माझं घड्याळ बांधलं ते स्टेप्स मोजायला. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं जास्त, एवढंच टार्गेट. खरं सांगू, यासाठी साध्या फोनचा स्टेप काउंटरही पुरतो.

नवव्या दिवशी नोटिफिकेशन आलं: ठोके अनियमित. मामा म्हणाला, 'तुझं घड्याळ बिघडलंय.' मी हॉस्पिटलला फोन लावला. त्यांनी बोलावून बारा लीडचा ईसीजी काढला. एट्रियल फिब्रिलेशन निघालं. हार्ट सर्जरीनंतर १०० पैकी साधारण २० ते ४० जणांना ते होतं, बहुतेकांना पहिल्या काही दिवसांतच. दुर्लक्ष झालं तर रक्ताची गुठळी होऊन स्ट्रोक येऊ शकतो. मामाचं औषधांवर भागलं.

घड्याळ हे कसं ओळखतं? मागचा हिरवा लाइट त्वचेखालच्या रक्ताची लाट टिपतो आणि दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतो. पण ते सतत बघत नसतं, हात हलत असेल तर चुकतंही. आणि हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही, अॅपल स्वतःच तसं सांगते. म्हणजे छातीत दुखतंय, दम लागतोय आणि घड्याळ गप्प आहे, तरी थेट हॉस्पिटल गाठा. ताप किंवा जखमेतून पू आला, तर तेही घड्याळाला कळणार नाही.

अजून एक. कुणाला पेसमेकर बसवला असेल तर फोन शर्टच्या खिशात नको. आयफोन १२ पासून बऱ्याच फोनमध्ये मॅग्नेट आहेत. अॅपल १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायला सांगते, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० पेक्षा जास्त.

घड्याळ अजून मामाकडेच आहे. परत मागायची माझी हिंमत होत नाही.