तारेचा रंग आणि तारेचे काम

इंदूरला १९५५ साली आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा घरात रेडिओ असणे हेच भाग्याचे लक्षण मानले जाई. आज अन्नपूर्णा रस्त्याने जाणाऱ्या लहानशा मोटारीतही गाण्याची सोय असते, आणि जुना संच काढून नवा स्टिरिओ स्वतःच्या हाताने बसवावा अशी हौस पुष्कळ तरुणांना वाटते. ही हौस स्तुत्य आहे. मात्र ज्या गाडीतून आईवडील व मुले प्रवास करतात, तिच्या तारांना हात लावताना केवळ उत्साह पुरत नाही.

संच काढला की मागे तारांचा जुडगा दिसतो. नव्या संचाच्या तारांना बहुधा ठरलेले रंग असतात : पिवळी तार बॅटरीच्या अखंड प्रवाहाची, तांबडी किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या प्रवाहाची, काळी अर्थिंगची, पांढरी, करडी, हिरवी व जांभळी या जोड्या चार स्पीकरांच्या. परंतु गाडीतून येणाऱ्या तारांना हा नियम लागू नाही. प्रत्येक कारखान्याचे रंग निराळे असतात. म्हणून रंगाला रंग जोडणारा मनुष्य हमखास फसतो. रंग हे तारेचे नाव झाले. तिचे काम तपासूनच कळते.

तपासणीसाठी साधा मल्टिमीटर पुरे. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवून संच काढावा. मग तारांची उघडी टोके एकमेकांना व पत्र्याला लागणार नाहीत अशी ठेवून बॅटरी पुन्हा जोडावी. मीटरची काळी सळई सांगाड्याच्या उघड्या धातूला लावावी. किल्ली बंद असतानाही जी तार सुमारे १२ व्होल्ट दाखवते, ती अखंड प्रवाहाची. किल्ली फिरवल्यावरच जी जागी होते, ती तांबडीची जोडीदार. दिवे लावल्यावर जी जागी होते, ती संचाच्या उजेडाची. पहिल्या दोन तारांची अदलाबदल झाली, तर किल्ली काढताच घड्याळ व स्टेशने पुसली जातात. दोन्ही अखंड प्रवाहाला जोडल्या, तर गाडी उभी असतानाही बॅटरी उतरू शकते. काही नव्या गाड्यांत किल्लीची सूचना अशा साध्या तारेने येतच नाही. तेथे त्या गाडीसाठी बनविलेला खास जोड लागतो.

स्पीकरची जोडी ओळखण्यास दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. ज्या स्पीकरातून खरखर येईल, त्याची ती जोडी. पडदा बाहेर सरकला, तर सेलच्या धन टोकाला लागलेली तार धन समजावी. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या गाडीत ही युक्ती करू नये. स्पीकरच्या ऋण तारा एकत्र करून पत्र्याला जोडणे हेही घातक. आजच्या बहुतेक संचांचा त्याने नाश होतो.

ज्यांच्या घरी वडिलोपार्जित विलायती मोटार आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश मोटारींत सांगाड्याला बॅटरीचे धन टोक जोडलेले असे. तेथे आजचा संच सरळ जोडला, तर तो तत्काळ जळण्याची भीती असते.

आणि सर्वांत गंभीर इशारा एअरबॅगचा. तिच्या तारांवर बहुधा पिवळे वेष्टन किंवा पिवळा जोड असतो. त्यांना मीटर, चाचणी दिवा वा सेल यांपैकी काहीही लावू नये. अकस्मात फुगलेली पिशवी माणसाला जबर जखमी करू शकते. त्या भागात काम करणे भागच पडले, तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ बॅटरी सोडवून ठेवावी. अन्यथा जाणकार कारागिराकडे जावे. त्याची मजुरी वाया गेली असे कोणी समजू नये.

शक्य असेल तेथे गाडीच्या मूळ तारा कापू नयेत. दोन्ही बाजूंना बसणारा तयार जोड बाजारात मिळतो. अखंड प्रवाहाच्या तारेवर संचासोबत सांगितलेल्या अँपिअरचाच फ्यूज ठेवावा, मोठा घालून संकट ओढवू नये. शेवटी प्रत्येक तारेवर तिचे काम लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. पुढे कधी त्या गाडीचे काम करणारा अनोळखी कारागीर मनातल्या मनात आपल्याला धन्यवाद देईल.