दुहेरी तुटक रेष

महाराष्ट्रात रस्ता सहसा संपत नाही, त्याचा फक्त पोत बदलतो. साताऱ्याबाहेर पडून महामार्ग सोडला की राज्यमार्ग, मग जिल्हा मार्ग, मग ग्रामीण मार्ग. डांबर विरून खडी येते, खडी विरून मुरूम, आणि शेवटी दोन बांधांमधली पाणंद. हे सगळे पोत एकाच सकाळी, एकाच गाडीवरून ओलांडता यावेत, एवढ्यासाठी ड्युअल-स्पोर्ट नावाची मोटरसायकल असते.

निव्वळ डर्ट बाइकला दिवे-आरसे नसतात, आरटीओत तिची नोंदणी होत नाही. ती मातीपर्यंत न्यायची तर पिकअपमध्ये घालून. ड्युअल-स्पोर्ट मात्र घराच्या फाटकातून नंबरप्लेट, विमा, पीयूसीसह निघते आणि वाटेत पेट्रोल भरून डोंगरात शिरते. यामाहाने 1968 साली डीटी-1 काढली आणि या प्रकाराला जगभर गिऱ्हाईक मिळालं. 1980च्या बीएमडब्ल्यू आर 80 जी/एसच्या नावातली शेवटची दोन अक्षरं म्हणजे जर्मन भाषेतले रान आणि रस्ता. आपल्याकडे हीरोने 2011मध्ये दीडशे सीसीची इम्पल्स आणली, ती फारशी चालली नाही आणि काही वर्षांत बंद झाली. मग 2016मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली आणि 2019मध्ये हीरोचीच एक्सपल्स 200. अर्थात, दोन्ही बाजूंना कॅन अडकवून पहाटे वस्तीवरून डेअरीकडे निघणारे राजदूतवाले गवळी हे काम त्याआधी कित्येक वर्षं करत होते. त्यांना कुणी ॲडव्हेंचर रायडर म्हटलं नाही, एवढंच.

माझ्याकडे एक्सपल्स आहे, चार व्हॉल्व्हची. गल्लीत तिच्याबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, ‘किती देते?’ आणि दुसरा, ‘एवढी उंच कशाला?’ पहिल्याला उत्तर देऊन उपयोग नसतो, विचारणाऱ्याच्या गाडीने नेहमी जास्तच दिलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर चाकात आहे. पुढचं चाक 21 इंची, मागचं 18. चाक मोठं असलं की दगडाला थडकून अडत नाही, त्याच्यावर चढून जातं. पुढचे शॉकअप 190 मिलिमीटर खालीवर होतात, मागचा 170. पोटाखाली 220 मिलिमीटर मोकळी जागा, साध्या कम्युटर गाडीला ती 165च्या आसपास असते. या साडेपाच सेंटिमीटरांवर इंजिनाचं चेंबर फुटणार की शाबूत राहणार, हे ठरतं. त्याची किंमत सीटच्या उंचीत मोजावी लागते: 825 मिलिमीटर. साडेपाच फुटी माणसाचे सिग्नलला दोन्ही पाय टेकत नाहीत. एकच टेकतो, तोही चवड्यावर.

गाडी घेऊ पाहणाऱ्यांना मी आधी तिच्या उणिवाच सांगतो. शक्ती एकोणीस पीएस. महामार्गावर ऐंशीच्या पुढे इंजिन कुरकुरतं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत, तिथला आडवा वारा या उंच, हलक्या गाडीला रस्त्याच्या कडेकडे ढकलत नेतो. बरं, मातीत तरी ती राणी असावी, तर तेही नाही. स्पर्धेची एन्ड्युरो गाडी सव्वाशे किलोच्या आत असते, ही दीडशेच्या वर. म्हणजे डांबरावरही दुसरा नंबर आणि मातीतही दुसराच. पण डांबरावरची पहिली मुरमात घसरते आणि मातीतली पहिली घरूनच निघू शकत नाही. दोन्हीकडे दुसरी येणारी गाडीच तेवढी शेवटपर्यंत जाते.

मातीत शिरल्यावर रस्त्यावरच्या बऱ्याच सवयी मोडाव्या लागतात. पहिली सवय बसण्याची. खडबडीत वाटेवर सीटवर बसून राहिलात तर प्रत्येक दगड कण्याला कळतो. फूटपेगवर उभं राहायचं, गुडघे थोडे वाकवून, बैलगाडीत उभं राहून कासरा धरणारा माणूस राहतो तसं. मग वजन पायांतून खाली उतरतं आणि गाडी तुमच्याखाली हवी तशी डोलते. दुसरी सवय ब्रेकची. एबीएस डांबरावर जीव वाचवतं, पण सुट्या खडीवर ते चाक अडकू देत नाही आणि गाडी उताराला पुढेच जात राहते. तिथे चाक जरा अडकलं, खडीत रुतलं, तरच वेग तुटतो. 2023पासूनच्या मॉडेलमध्ये मोड बदलून एबीएसची ढवळाढवळ कमी करता येते. डांबर लागलं की तो मोड आठवणीने परत फिरवायचा. तिसरी सवय नजरेची. ज्या दगडाकडे बघाल त्यावरच जाल, म्हणून दगडाकडे न बघता त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायचं.

बाकी जे शिकायचं ते पंक्चरवाल्याकडे. तारांच्या चाकात ट्यूब असते. मातीत पकड मिळावी म्हणून हवा कमी करायची, पण फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि फाटते. एकवीस इंची ट्यूब आडगावात मिळत नाही, म्हणून एक बरोबर ठेवायची. अडल्या वेळी तीच मागच्या अठराच्या चाकातही कोंबता येते, उलटं मात्र जमत नाही. धुळीच्या वाटेवरून आल्यावर एअर फिल्टर उघडायचा, चेन पुसून वंगण द्यायचं. हे सगळं स्वतःच्या हाताने करण्याचा कंटाळा असेल, तर ही गाडी घेऊच नये.

पाटणकडच्या एका ओढ्याशी थांबलो होतो, तेव्हा गुरं राखणारे एक आजोबा म्हणाले, “पुढं कुनीकडं निघालासा पाव्हणं?” पलीकडची वाट दाखवली. गाडी जाईल का, म्हणून विचारलं. त्यांनी गाडीकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा. “गाडी जाईल वो, तुमी जाशीला का?”

हा प्रश्न ताकदीपुरता नाही. तुम्ही तिथे जावं का, हाही प्रश्न त्यात आहे, आणि त्याचं चांगलं उत्तर मला गाव नकाशात सापडलं. महसूल खात्याच्या या नकाशावर गावातला गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. ड्युअल-स्पोर्टची हद्द त्या दुहेरी रेषेपर्यंत. नंबरप्लेटमुळे आपल्याला सार्वजनिक रस्ता मिळतो, डोंगर मिळत नाही. एकेरी रेष लागली की गाडी स्टँडवर लावायची आणि पायांनी पुढे जायचं.

आणि जिथे रेषच नाही तिथे तर चाक घालूच नये. सडे बघा. पश्चिम घाटातलं कास 2012मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, पण तसेच कातळसडे सह्याद्रीभर आहेत. जांभ्यावर मातीचा जेमतेम थर, पावसात साचणारी उथळ डबकी, त्यांच्या कडेने गेंद आणि सीतेची आसवं. उन्हाळ्यात तो सडा उजाड मैदान वाटतो आणि मोटरसायकलवाल्यांना चेव येतो. त्या पातळ मातीवर ओढलेली चाकोरी पुढच्या पावसात तिथल्या रोपांच्या मुळावर येते. कोकणातल्या सड्यांवर तर बारसू, देवाचे गोठणे, कशेळीसारखी कातळशिल्पं आहेत. 2022मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. जमिनीवरच कोरलेली ही चित्रं टायरखाली आली तरी गाडीवर बसलेल्याला कळतही नाही. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासविणी वाळूत अंडी घालतात. तिथे गाडी पळवून व्हिडिओ काढणाऱ्याला खाली काय दडपलं गेलं, याचा पत्ता नसतो.

दुहेरी रेषेच्या आतही आपण पाहुणेच. पाणंदी आपल्यासाठी राहिलेल्या नाहीत. शेजाऱ्याने नांगरून टाकलेला, काटे लावून अडवलेला रस्ता मोकळा व्हावा म्हणून शेतकरी मामलेदार न्यायालय अधिनियम 1906च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज करतो. नव्याने बांधावरून वाट हवी असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. तारखा पडतात, पंचनामे होतात, भावकीत बोलणं बंद होतं. ऊस कारखान्याला जावा, ट्रॅक्टर शेतात पोचावा, यासाठी हे सगळं चाललेलं असतं. आपण तिथून रविवारी मजेत जातो.

म्हणून पावसाळ्यात मी पाणंदीत उतरत नाही. भिजलेल्या मुरमात दातेरी टायर फिरलं की खोल चर पडतो, पुढच्या सरीचं पाणी त्याच चरातून वाहतं आणि महिन्याभरात रस्त्याचा ओढा होतो. आपल्याला पंधरा मिनिटांचा थरार मिळतो आणि ट्रॅक्टरवाल्याला चार महिन्यांचा ताप. दसऱ्यानंतर माती आवळते, तेव्हा खुशाल निघावं. बैलजोडी दिसली की इंजिन बंद करावं, कवाड उघडलं तर पुन्हा लावावं, आणि समोरून डोक्यावर भारा घेतलेली मावशी आली तर आपण बाजूला व्हावं, तिला बांधावर चढायला लावू नये. या गाडीला कुठेही जाता येतं म्हणून तर कुठे जायचं नाही हे चालवणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि हे ज्याला ठरवता येत नाही त्याला एकवीस इंची चाक देऊ नये.