एटापल्लीच्या पोरांची संध्याकाळ कुणी पळवली?

एटापल्ली तालुक्यातील गर्देवाड्याला एसटी बस पोचायला 1 जानेवारी 2025 ही तारीख उजाडावी लागली. स्वातंत्र्यानंतर 77 वर्षांनी! मोबाईलला मात्र एवढा वेळ लागला नाही. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, टॉवर उभे राहिले. जिथे रेंज नव्हती तिथली पोरे रेंज सापडेल त्या टेकडीवर जाऊन बसू लागली आणि जिथे तेही शक्य नव्हते तिथे मेमरी कार्डात भरलेले व्हिडिओ हातोहात फिरले. डॉक्टर, मास्तर, पुस्तक यांच्याआधी पडदा पोचला, हे या भागाचे वास्तव आहे.

आणि तो पोचवला कुणी? मार्च 2020 मध्ये शाळांना कुलूप लागले. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली. मजुरी करणाऱ्या, तेंदूपाने तोडणाऱ्या आईबापांनी पोटाला चिमटा काढून, उधारउसनवारी करून मोबाईल घेतला. का, तर पोरगं मागे पडू नये म्हणून! शाळा पुन्हा उघडल्या, मोबाईल मात्र हातातच राहिला. आता तेच शहाणे लोक या आईबापांना ‘मुलांकडे लक्ष देत नाही’ म्हणून हिणवतात. हा कुठला न्याय?

जादा वेळ पडद्यापुढे बसल्याने नेमके काय बिघडते, हे नीट समजून घेतले पाहिजे. पहिली जाते झोप. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर पडणारा उजेड मेंदूला अजून दिवसच आहे असे भासवतो. झोप तुटली की चिडचिड, उदासी, वर्गात पेंग हे ओघानेच येते. दुसरे जाते ते लक्ष. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओची सवय लागलेल्या मनाला धड्याचे एक पान लांब वाटू लागते. आपल्या चळवळीत जयंतीच्या निमित्ताने सलग 18 तास अभ्यासाचा उपक्रम गावोगावच्या अभ्यासिकांत होतो. तिथे मोबाईल बाहेर ठेवायला सांगितले की पहिल्या तासातच कुणाची चुळबुळ सुरू होते, हे संयोजकांनी एकदा मोजून पाहावे.

लहान मुलांचे नुकसान त्याहून खोल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितले की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त नको. मूल भाषा शिकते ती बोलणाऱ्या माणसाकडून, त्याच्या डोळ्यांत पाहून, त्याला उत्तर देऊन. एटापल्लीतील मूल घरी माडिया ऐकते, शाळेत मराठी, आणि मोबाईलवर हिंदी कार्टून. आजीने माडियात सांगायची गोष्ट जर कार्टूनने गिळली, तर त्या मुलाची कोणती भाषा पक्की होणार? जिथे गोटुल जिवंत आहे तिथे संध्याकाळ म्हणजे गाणे, रेला, थोरामोठ्यांचे बोलणे. ती संध्याकाळच आता एकेकट्याच्या तळहातात शिरली आहे. मन सांभाळायची समाजाची स्वतःची व्यवस्था अशी मोडते, आणि त्याचा गाजावाजा कुठेच होत नाही.

तरुण मुलामुलींचा प्रश्न आणखी वेगळा. 2021 मध्ये फ्रान्सिस हॉगेन या कर्मचारी महिलेने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या मुलींपैकी 32 टक्के मुलींना इन्स्टाग्राममुळे अधिक वाईट वाटते, हे कंपनीलाच ठाऊक होते! आमच्या मुलांना त्यावर जातीच्या शिव्याही खाव्या लागतात. आडनाव दिसले, निळा झेंडा दिसला की खाली काय काय लिहिले जाते, ते वाचून रात्रभर जागणारे पोर कुणाशी बोलते?

आता उपाय. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने नोव्हेंबर 2022 मध्ये 18 वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी केली, 200 रुपये दंड ठेवला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरी वाट धरली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, दीड तास साऱ्या गावाचे टीव्ही-मोबाईल बंद. मला वडगावची वाट पटते. कारण तिथे बाप मोबाईल बघतो आणि पोराला दटावतो, असा ढोंगीपणा चालत नाही. शिवाय शिष्यवृत्तीचा अर्ज, निकाल, भरतीची जाहिरात, सारे मोबाईलवरच असताना आमच्या पोरांवर सरसकट बंदी म्हणजे दार उघडायच्या आधीच कडी लावणे. बंदीचे काय होते ते या दोन जिल्ह्यांना कुणी शिकवायला नको. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपूरची 2015 मध्ये झाली आणि 2021 मध्ये उठलीसुद्धा. गडचिरोलीतही ज्या गावात बाया जाग्या आहेत, तिथेच ती बंदी खरी.

एटापल्ली अनुसूचित क्षेत्रात आहे. 1996 च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला मान दिला. मग भोंगा वाजवण्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायची? फक्त मोबाईल खाली ठेवल्यावर हातात काय द्यायचे, ते आधी ठरवा. गडचिरोली पोलिसांनी ‘एक गाव, एक वाचनालय’ उपक्रमात गावांमध्ये वाचनालये उभी केली आहेत. ती संध्याकाळी उघडी राहतात का, त्यात माडियातले काही आहे का, हे ग्रामसभेने विचारावे. आणि शासनाला विचारावे की, मनाचा दवाखाना शंभराहून अधिक किलोमीटरवर जिल्ह्याच्या ठिकाणी का? 2022 पासून टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येते, तो प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवा. पण माडियातच मन मोकळे करू शकणाऱ्या आईसाठी एटापल्लीच्या ग्रामीण रुग्णालयात माडिया बोलणारा समुपदेशक कधी बसणार? येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा प्रश्न लेखी टाका, ठरावाची प्रत तहसीलला द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.