आमचा होलवाला डोंगर

होस्टेलला कुणी नवीन भेटलं की पहिला प्रश्न, "तू कुठची?" मी "खालापूर" म्हटलं की पुढचं ठरलेलं, "म्हणजे तो टोलनाका ना?" कर्जतच्या पोरींचं नशीब जरा बरं, त्यांच्या वाट्याला निदान स्टेशनवरचा वडापाव तरी येतो! पण चिडायचा मला काय हक्क? माझ्या शाळेच्या माहितीपत्रकातसुद्धा खुणेला एक्सप्रेसवे आणि एक रिसॉर्टच छापलेलं होतं.

मी कॉन्व्हेंटची. (शुद्धलेखन संपादकांनी तपासलंय, धन्यवाद.) मराठी बोललं की एक रुपया दंड, हे बारा वर्षं अनुभवलंय. तरीही शाळेला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. सिस्टरांनी शिकवलेल्या इंग्रजीवर आज माझे व्हायवा निघतात. माझी तक्रार वेगळी आहे. शाळेच्या कंपाउंडबाहेर काय आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

सेकंड इयरला पेल्टन व्हीलची आकृती मी पाच वेळा काढली असेल. नंतर कळलं, की टाटांचं खोपोलीचं पॉवर हाऊस 1915 पासून याच चाकांवर सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी पाइपातून पाचशे मीटरहून जास्त खाली उतरतं, वीज देतं आणि मग पाताळगंगेला मिळतं. ते मोठाले पाइप मी लहानपणापासून बघतेय. ते कसले, असं विचारलं तर घरी "टाटाचे पाइप" एवढंच उत्तर मिळायचं! आणि मुंबईला जाणाऱ्या विजेचे टॉवर 1942 मध्ये पाडणारे भाई कोतवाल इथलेच, माथेरानचे. वकिली शिकलेला हा माणूस 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत गोळ्या खाऊन गेला. आमच्या इतिहासात प्लासी होती. उंबरखिंड आमच्याच तालुक्यात, पण 1661 साली महाराजांनी कारतलबखानाला तिथं कोंडलं, हे मला एका ट्रेकच्या जाहिरातीतून कळलं.

आता मूळ मुद्दा. शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरून एक सुळका दिसायचा, त्याला आरपार भोक. आम्ही त्याला "होलवाला डोंगर" म्हणायचो. झाडू मारणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, "अगं, त्याला नेढं म्हणतात. इर्शाळ हाय तो. खाली आमच्या ठाकरांची वाडी हाय." आम्ही हसलो, कारण "हाय"! आठवीची सहल गेली इमॅजिकाला. मजा आली, खोटं कशाला बोलू?

19 जुलै 2023 च्या रात्री त्या वाडीवर दरड कोसळली. इर्शाळवाडी. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं सापडलीच नाहीत. वर गाडी जाईल असा रस्ता नव्हता, त्यामुळे जेसीबी पोचेना आणि माणसं हातांनी चिखल उपसत होती. आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकानं टीव्हीचा फोटो टाकून विचारलं, "व्हेअर इज धिस?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं लिहिलं, "अरे, आपला होलवाला डोंगर." त्या दिवशी मला जी लाज वाटली, तिच्यामुळे हा लेख लिहितेय.

आम्हाला नाव माहीत असतं म्हणून दरड थांबली नसती, हे मलाही कळतं. पण बारा वर्षं खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराखाली माणसं राहतात, त्यांची पोरं रोज किती चढ-उतार करतात, हे एकदा तरी जाऊन बघायला काय हरकत होती? पालक म्हणतील, सेफ्टीचं काय, दहावीच्या मार्कांचं काय? ठीक आहे, डोंगरावर नका नेऊ. पण पेणस्टॉक पायथ्यावरून बघता येतो आणि उंबरखिंडीचं स्मारक चावणी गावाजवळ आहे. स्कूलबसचं एका दिवसाचं डिझेल लागेल. तिकिटाचा खर्च तर वाचेलच!

गेल्या गॅदरिंगला मी शाळेत गेले होते. मावशी रिटायर झाल्यात. तिसऱ्या मजल्यावर सहावीची तीन पोरं कठड्याला टेकून उभी होती. मी बोट दाखवून विचारलं, "तो कुठला डोंगर, माहितीये?" एकजण म्हणाला, "होलवाला." मी इर्शाळ सांगितलं, नेढं सांगितलं, वाडीचंही सांगितलं. तो थोडा वेळ तिकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दीदी, तिकडे रिसॉर्ट आहे का?"