तुम्ही हे का मानता?

आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच. बुलढाणा, खामगाव, मलकापूर अशा गावांतले एखादे चर्च आणि नाताळच्या रात्री दारावर टांगलेला कागदी तारा, एवढीच त्यांची ओळख बाकीच्या गावाला असते. मात्र प्रश्नांची त्यांना कधी कमतरता भासत नाही. तुम्ही मूळचे कोण? आजोबांनी काय पाहून धर्म बदलला? तुमच्यात दिवाळी करतात का? चौथा प्रश्न फार कमी लोक विचारतात : येशूला देवाचा पुत्र म्हणता, म्हणजे तुम्ही नेमके काय मानता?

पहिले तीन प्रश्न जातीचे, हेतूचे आणि हजेरीचे आहेत. श्रद्धेचा प्रश्न चौथा. यंदाचा अंक आम्ही त्या चौथ्या प्रश्नाला दिला आहे. सोयाबीनच्या भावाने सगळ्यांची झोप उडवलेली असताना हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. भावावर आम्ही वर्षभर लिहितोच.

ख्रिस्ती धर्मशिक्षणात विश्वासाचे समर्थन ही एक स्वतंत्र शाखाच आहे. तिचे मूळ पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या एका सल्ल्यात सापडते : तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तराला तयार राहा, मात्र ते सौम्यतेने आणि आदराने द्या. या सल्ल्याचा दुसरा भाग विसरला जाण्याचा इतिहास पहिल्या भागाइतकाच जुना आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन नावाच्या विद्वानाने रोमच्या सम्राटाला उद्देशून असेच एक समर्थन लिहिले. त्या काळी ख्रिस्ती लोकांवरचा एक मोठा आरोप होता नास्तिकपणाचा! रोमच्या देवांना ते बळी देत नव्हते, म्हणून. आपल्यापेक्षा वेगळे मानणाऱ्याला काहीच न मानणारा ठरवणे किती सोपे असते, ते यावरून दिसते.

मराठीत असा श्रद्धेचा वाद रंगला तो मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर. 1857 च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात तिथे जाहीर सभा झाल्या. मिशनऱ्यांच्या बाजूने जॉर्ज बोवेन हा अमेरिकन होता. मिशनचा पगार नाकारून बाजारवस्तीत फकिरासारखा राहणारा हा माणूस स्वतःच्या साप्ताहिकात या वादाची हकिकत देत असे. पुढे त्या हकिकतीचे पुस्तकही झाले. वाद कोण जिंकले? ज्याने त्याने आपापल्या छापखान्यात स्वतःला विजयी घोषित केले. कोणाचे मत तिथल्या तिथे पालटल्याचा फारसा पुरावा नाही. तरीही मला त्या सभांचे मोठे अप्रूप वाटते. लोक उन्हे उतरल्यावर वाळूत जमत आणि देव, पाप, मोक्ष यांवर तासन्‌तास ऐकत. कडवट भाषा दोन्हीकडे होती, पण ऐकून घेतल्याशिवाय खंडन करता येत नाही, एवढी शिस्त त्या कडवटपणालाही होती. आज व्हॉट्सअ‍ॅपवर समोरच्याचे म्हणणे वाचायच्या आधीच उत्तर धाडलेले असते.

खंडनासाठी वाचणे धोक्याचेही असते म्हणा. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले मराठी पंडित. जॉन म्यूर यांच्या ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणाऱ्या संस्कृत ग्रंथाला उत्तर म्हणून त्यांनी ख्रिस्ती मताविरुद्ध ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. 1848 साली त्याच गोऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग षड्दर्शनांचे खंडन करणारा ग्रंथ लिहायला बसले. बाजू बदलली, बैठक पंडिताचीच राहिली.

पण माझ्या मते मराठीतले सर्वांत पटणारे ख्रिस्ती विश्वाससमर्थन ना गोऱ्यांचे आहे, ना बोवेनचे. ते आहे लक्ष्मीबाई टिळकांचे, आणि समर्थन करण्याचा तर त्यांचा मुळीच इरादा नव्हता. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांना 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. इतका मोठा कवी, इतका मोठा वक्ता, पण घरात त्यांचे सगळे युक्तिवाद पांगळे ठरले. लक्ष्मीबाई रडल्या, भांडल्या, दूर राहिल्या. नवऱ्याच्या धर्माशी त्यांचे भांडण एखाद्या तत्त्वावरून नव्हते. सोवळे, पाणी, ताट, नातेवाईक यांवरून होते. आणि वाट निघाली तीही तिथूनच. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला, आणि तो माणसानेच केला असे मनाला पटल्यावर त्यांचे बाकीचे बांध एकेक करून सुटले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळे त्या अशा सांगतात की हसता हसता वाचकाला कळतच नाही, आपण एका माणसाच्या श्रद्धेच्या अगदी गाभ्यात येऊन बसलो आहोत. पटवून देण्याचा आव नाही, म्हणून पटते. आणि टिळकांचे काय? त्यांनीही पुढे वाद मागे ठेवून अभंग आणि कीर्तन हाती धरले.

आता आपल्या भागाकडे येऊ. वऱ्हाडात अकोला, खामगाव, बुलढाणा या पट्ट्यात अमेरिकेच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे लोक काम करत. दुष्काळात पोरकी झालेली मुले मिशनच्या अनाथाश्रमांत वाढली आणि ख्रिस्ती झाली. भुकेल्याला भाकरीबरोबर धर्म देणे योग्य होते का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो मिशनला विचारलाच पाहिजे. पण तो आज चौथ्या पिढीतल्या शिक्षिकेला किंवा परिचारिकेला विचारण्यात काय अर्थ? ती ख्रिस्ती आहे ती आईच्या मांडीवर ऐकलेल्या प्रार्थनांमुळे, जसे आपण हरिपाठामुळे हिंदू असतो.

1954 साली सरकारनेही प्रश्न विचारले. तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त सरन्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी केली. तिची प्रश्नावली 99 प्रश्नांची होती. धर्मांतरे कशी होतात, शाळा-दवाखान्यांत काय चालते, परदेशातून पैसा किती येतो, असा तिचा रोख होता. समितीचा अहवाल 1956 मध्ये आला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रदीर्घ भाषणात आपण हे का केले ते लोकांना समजावून सांगितले. त्या सोहळ्यात धम्मदीक्षा घेणाऱ्यांमध्ये न्यायमूर्ती नियोगीही होते! धर्म बदलणाऱ्यांना प्रश्न विचारणारा माणूस काही महिन्यांत स्वतःच उत्तर देण्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. ती दोन्हीकडच्या प्रचाराला गैरसोयीची आहे.

संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म मानण्या-आचरण्याबरोबरच त्याचा प्रसार करण्याचेही स्वातंत्र्य आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा हक्क नव्हे, पण आपली तत्त्वे मांडून सांगणे हा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे चौथ्या प्रश्नाचे उत्तर देण्याला कायद्याची पूर्ण मुभा आहे. आडकाठी आहे ती ऐकणाऱ्याच्या कानाची.

चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी 1927 साली जोतीराव फुल्यांचे चरित्र लिहिले, याचा या जिल्ह्याला अभिमान आहे. जोतीरावांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एका घराची कल्पना आहे : बाईने बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध व्हावे, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती, मुलीने कुराण वाचून मुसलमान, मुलाने सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एकाच छपराखाली गोडीने नांदावे. त्या घरात प्रत्येकाने आधी वाचले आहे, हे आपण चटकन विसरतो.

त्या घराचा हिशेब धरून आम्ही चौथा प्रश्न एकट्या ख्रिस्ती लेखकांना न विचारता मुस्लीम, बौद्ध आणि हिंदू लेखकांनाही विचारला. ख्रिस्ती लेखकांचे लेख सर्वांत आधी आले; त्यांना सवय आहे. हिंदू लेखकांचे सर्वांत उशिरा आले. ‘यात सांगण्यासारखे काय आहे?’ असेही कोणीतरी कळवले. ते पत्र आम्ही लेख म्हणूनच छापले आहे.