सौर कृषिपंपधारक शेतकऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
(मार्फत : मा. जिल्हाधिकारी)

विषय : सौरपंपाचा निधी पंप बसवण्यापुरता न ठेवता तो चालू ठेवण्यासाठीही द्यावा.

महोदय,

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. त्यातलाच एक डिझेलचा कॅन आमच्या विहिरीवर येतो. तो थांबावा म्हणून २०१९ मध्ये ‘पीएम-कुसुम’ आली. पुढे ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत आम्ही १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के भरले. दिवसा पाणी मिळू लागले, रात्री बॅटरी घेऊन दारे धरायला जाणे सुटले. हे आम्ही नाकारत नाही.

गाऱ्हाणे त्यापुढचे आहे. आमच्या एका सभासदाचा कंट्रोलर हरभऱ्याचे घाटे भरत असतानाच बंद पडला. तक्रार नोंदवली. एकोणिसाव्या दिवशी मोबाइलवर मेसेज आला : तक्रारीचे निवारण झाले. कंट्रोलरवर लाल दिवा तसाच. शेवटी भाड्याने इंजिन आणून त्यात डिझेल ओतले. कागदोपत्री हा गडी आजही सौरऊर्जेवर आहे!

म्हणून पहिली मागणी, आणि जीव हिच्यातच आहे : पुरवठादाराच्या बिलातली काही रक्कम पाच वर्षांच्या देखभाल-काळासाठी राखून ठेवावी, शेतकऱ्याच्या ओटीपीशिवाय तक्रार बंद होऊ नये, आणि तालुक्याला मोटार-कंट्रोलरचा साठा असावा.

दुसरी. पंप सातबारा बघून मिळतो. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. पाणी काही सातबारा बघून वर येत नाही. मार्चनंतर खोल बोअरवरच्या ३ एचपीचा पाइप नुसता फुसफुसतो. खोली मोजून पंप द्यावा व वाढीव एचपीलाही अनुदान लागू करावे.

तिसरी. रब्बी निघाली की पॅनल रिकामे, तेही मे महिन्याच्या उन्हात. त्यांवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी चालेल असा कंट्रोलर मिळतो. त्याच्या जादा किमतीसाठी निधी द्यावा.

पॅनल देशी असले तरी त्यांतले वेफर अजून बहुतांशी चीनमधून येतात. तो विषय केंद्राचा. राज्याने तिकडे आग्रह धरावा, एवढेच.

बंद पंपांची गावनिहाय यादी सोबत जोडली आहे. रब्बीच्या पेरणीआधी लेखी उत्तर मिळावे.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद