दुखरी पाठ आणि जत्रेतला पाळणा

चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा भरते, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची. दर्शनाच्या रांगेला जेवढी गर्दी, जवळजवळ तेवढीच पाळण्यांपाशी. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, पुढे-मागे झुलणारी मोठी नाव, एकमेकांना धडका देणाऱ्या छोट्या मोटारी. तिथे एक दृश्य हमखास दिसते. घरातली सगळी पाळण्यात आणि एक जण खाली, सगळ्यांच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभा. विचारले तर सांगतो, ‘डॉक्टरांनी पाठीला धक्का बसू द्यायचा नाही म्हणून बजावलंय.’ ते बजावून कधी कधी दहा वर्षे उलटलेली असतात. याच्या बरोबर उलट माणूसही त्याच गर्दीत सापडतो. महिन्याभरापूर्वी कंबर धरली म्हणून अंथरुणावर होता, आज कंबरेला पट्टा बांधून आणि दुखण्याची गोळी घेऊन ब्रेक डान्सच्या रांगेत उभा आहे.

दोघेही चुकत आहेत. पहिल्याने विनाकारण आपली मजा सोडली आहे आणि दुसऱ्याने पाठीकडून येणारी सूचनाच बंद करून टाकली आहे.

खान्देशात दुखऱ्या पाठींची वाण नाही. रावेर-यावलच्या बागांमधून केळीचे घड डोक्या-खांद्यावरून गाडीपर्यंत वाहून नेणारे मजूर, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी हलवणारे हमाल, वाकून कापूस वेचणाऱ्या बाया आणि मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या धुळ्यातले ट्रकचालक. या सर्वांना ‘पाठ दुखते, मग पाळण्यात बसू का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्या एका शब्दात देणे म्हणजे प्रश्न टाळणे आहे. कारण पाठदुखी हा एक आजार नाही आणि पाळणा हे एक यंत्र नाही.

आधी पाठीचे पाहू. बहुतेक पाठदुखी ही स्नायू, सांधे आणि अस्थिबंधांची असते; तिच्यामागे एक ठळक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. ती त्रासदायक असते, पण धोकादायक नसते. तरीही एमआरआयच्या कागदावर ‘डिस्क बल्ज’ हे दोन शब्द आले की माणूस स्वतःला आयुष्यभराचा रुग्ण समजू लागतो. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के निरोगी लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे तो शब्द पुष्कळदा केस पिकण्यासारखा असतो. कागदापेक्षा लक्षणे महत्त्वाची.

विश्रांतीबद्दलची समजूतही अशीच जुनी होऊन गेली आहे. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी पाठदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस तर काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितले. दुखणे बरे होण्यात फरक पडला नाही. दोन दिवसवाले मात्र कामावर लवकर परतले. तेव्हापासून जगभरचा सल्ला ‘हालचाल चालू ठेवा’ असाच बदलत गेला. हालचालीची भीती धरून बसलेली पाठ अधिक कडक होते, अधिक दुखते. जत्रेत दहा वर्षे पिशव्या सांभाळत उभ्या असलेल्या माणसाला ही गोष्ट कुणी सांगितलेलीच नसते.

पण काही पाठी खरोखरच जपायच्या असतात. चकती सरकून नस दाबली गेली आहे, कळ नितंबातून पोटरीपर्यंत जाते, पायाला मुंग्या येतात, अशा अवस्थेत पाळणा नको. बहुतेकांची ही कळ काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत ओसरते. पण चकतीचे फाटलेले बाहेरचे कडे भरून यायला त्याहून बराच वेळ लागतो. कळ थांबली म्हणजे कडे सांधले, असे नाही. पाठीच्या शस्त्रक्रियेत मणके जोडले असतील तर हाडाने हाड धरायला सहा महिने ते वर्षही लागू शकते आणि त्याबाबतीत शल्यचिकित्सकाचा शब्द शेवटचा. सर्वांत फसवी असते ती ठिसूळ हाडांची पाठ. पाळी गेलेल्या बायका, दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे लोक, ज्यांची उंची कमी झाली आहे किंवा पाठीला पोक आला आहे अशी वयस्क माणसे. यांचे कधी काही दुखलेलेही नसते, पण खालून बसलेल्या एका दणक्याने मणका पुढून चेपला जाऊ शकतो. नातवाच्या हट्टापायी नावेत बसणाऱ्या आजीची काळजी कंबर धरलेल्या तरुणापेक्षा जास्त करायला हवी, ती यासाठी.

आणि लघवी अडकणे किंवा नकळत होणे, जांघेतल्या जागेची संवेदना जाणे, पाऊल उचलता न येणे, यांपैकी काहीही असेल तर जत्रा सोडून थेट रुग्णालय गाठायचे. जळगाव आणि धुळे, दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नव्हे.

आता पाळण्याचे. शास्त्रज्ञ वेगाच्या बदलाचा जोर ‘जी’ या मापात मोजतात. आपण नुसते उभे असतो तेव्हा एक जी. साठ किलोच्या माणसाच्या कंबरेवर धड, डोके आणि हात मिळून सुमारे तीस किलो भार असतो. रोलर कोस्टर खोलगट वळणावरून वर उसळते तेव्हा तीन जी किंवा त्याहून थोडा अधिक जोर येतो. म्हणजे ते तीस किलो क्षणभर नव्वद होतात. वीस-वीस किलोचे केळीचे तीन घड एकदम खांद्यावर टाकल्यासारखे. निरोगी पाठ हे सहज सोसते. रोजच्या जगण्यातले धक्केही कमी नसतात. ‘स्पाइन’ या नियतकालिकात १९९४ साली आलेल्या एका अभ्यासात शिंकेचा धक्का सुमारे तीन जी आणि खुर्चीत धपकन बसण्याचा सुमारे दहा जी मोजला गेला होता.

पाळण्यांचे चाहते हा अभ्यास मोठ्या हौसेने सांगतात. पण त्यातून निघणारा ‘मग पाळण्याने काय होणार?’ हा निष्कर्ष घाईचा आहे. खुर्चीचा धक्का सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता असतो, आपल्याला तो अपेक्षित असतो आणि पाठ त्या वेळी सरळ असते. पाळण्यावर जोर लांबतो, पुन्हा पुन्हा येतो आणि मुख्य म्हणजे दिशा बदलतो. चकतीला सरळ दाब फारसा बाधत नाही. वाकलेल्या अवस्थेतला पिळा तिला बाधतो. म्हणून किती जी यापेक्षा कोणत्या दिशेने आणि कळवून की अचानक, हे दोन प्रश्न पाठीच्या दृष्टीने मोठे आहेत.

या कसोटीवर जत्रेतले पाळणे लावले की क्रम अनपेक्षित लागतो. सर्वांत उंच आणि भीतिदायक दिसणारा आकाशपाळणा पाठीला बहुधा सौम्य असतो. त्यात जोर हळूहळू बदलतो, पिळा नसतो. अडचण असते ती चढताना-उतरताना, झुलत्या पाळण्यात वाकून शिरण्याची. उंचीची भीती ही वेगळी गोष्ट, ती मणक्याची नव्हे. उलट लहान मुलांचा खेळ वाटणाऱ्या धडकेच्या मोटारी वाईट. धक्का मागून येतो की बाजूने हे कळतच नाही, स्नायूंना आवळून धरायला वेळ मिळत नाही, मान झटक्याने मागे जाते. ब्रेक डान्समध्ये खालचा तळ एकीकडे फिरतो, वरची टोपली दुसरीकडे; दुखऱ्या कंबरेसाठी तोच पिळा. झुलत्या नावेत टोकाच्या बाकावर बसलेला माणूस वर गेल्यावर बाकावरून सुटल्यासारखा होतो आणि मग परत त्यावर येतो. मधल्या बाकावर हे बरेच कमी जाणवते. हौशी लोक टोकाच्या जागेसाठी भांडतात, त्यामुळे मधली जागा मागणाऱ्याला ती बिनबोभाट मिळते. पाण्याच्या घसरगुंडीत शेवटी पाण्यावर बसणारा दणका आणि ओल्या पायऱ्यांवरून पाय निसटणे, दोन्हींपासून जपायचे.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यावर बसून फोटो काढणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. उभा घोडा निरुपद्रवी. दुडक्या चालीचा घोडा न सरावलेल्या स्वाराच्या कंबरेला खालून ठोके देतो.

या सगळ्यापेक्षा सोपी एक तपासणी प्रत्येकाच्या हाती आहे. तिकीट काढण्याआधी एक पूर्ण फेरी खाली उभे राहून बघायची. पाळण्याकडे नव्हे, बसलेल्यांच्या माना आणि कंबरांकडे. माना झटके खात असतील, माणसे एका बाजूला फेकली जात असतील, तर तो पाळणा सोडायचा. बसलो तर पाठ पाठीला टेकलेली, पाय घट्ट, दोन्ही हात दांड्यावर, नजर समोर. मोबाइलवर चित्रण करण्यासाठी वाकून मागे वळणे ही त्यातली सर्वांत वाईट मुद्रा आहे. कंबरेचा पट्टा या धक्क्यांपासून वाचवत नाही, उगाच धीर देतो. आणि गोळी घेऊन बसणे म्हणजे गाडीतला इशाऱ्याचा दिवा काढून ठेवून घाट उतरणे. डॉक्टरांनाही ‘पाळण्यात बसू का’ असे मोघम विचारू नये. वाकणे, पिळा आणि खालचा दणका यांपैकी माझ्या पाठीला काय चालेल, असे विचारावे. प्रश्न नेमका असला की उत्तरही ‘काही नको’ असे सरसकट येत नाही.

मोठ्या उद्यानाची गोष्ट थोडी निराळी. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाले आणि खान्देशातून तिथे सहली जाऊ लागल्या. तिथल्या नायट्रो या कोस्टरची उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे. अशा उद्यानांत पाठ, मान, हृदयविकार आणि गरोदरपणाबद्दलच्या सूचना लावलेल्या असतात आणि त्या पाळाव्यात. पण जळगावहून खोपोली चारशे किलोमीटरच्या आसपास आहे, याचा विचार सहलीत कुणी करत नाही. रात्रभर बसून प्रवास, सकाळी उतरल्या उतरल्या कोस्टरची रांग. बसचे शेवटचे बाक मागच्या चाकांच्याही पलीकडे असते, त्यामुळे गतिरोधकावर सर्वांत जास्त उसळते. तेवढ्या दणक्याने प्रवाशांचे मणके चेपल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दुखऱ्या पाठीच्या माणसाने कोस्टरच्या जागेइतकीच बसमधली जागा निवडून घ्यावी, मधली, दोन्ही चाकांच्या दरम्यानची. दर दोन तासांनी उतरून चार पावले टाकावीत. पोहोचल्यावर पहिला तास चालण्यात आणि साध्या पाळण्यांत घालवावा.

उद्यानात निदान पाटी असते. जत्रेत बहुतेक ठिकाणी तीही नसते, आणि असली तर ‘आपल्या जबाबदारीवर बसावे’ एवढेच लिहिलेले असते. ही सूचना नव्हे, हात झटकणे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या जत्रेत माणसांनी भरलेला उंच झुला वरून खाली आदळला आणि अनेक जण जखमी झाले, तेव्हा देशभर तपासणीची चर्चा झाली. ती बोल्ट, वेल्डिंग आणि परवान्यांची होती आणि ती हवीच; वाळूच्या नदीपात्रात उभ्या राहणाऱ्या यंत्रांबाबत तर अधिकच हवी. पण यंत्र अगदी ठणठणीत असतानाही ते कुणाच्या पाठीला चालणार नाही, याबद्दल कुणीच बोलत नाही.

यात्रेत पाळणे उभारायला स्थानिक प्रशासनाची परवानगी लागतेच. त्या परवानगीत एक अट वाढवायला खर्च येत नाही: प्रत्येक पाळण्यासमोर, तिकिटाच्या खिडकीच्या उंचीवर, मराठीत मोठ्या अक्षरांत चार ओळींची पाटी. हा पाळणा कोणत्या दिशेने हलतो. झटका कुठून बसतो. नस दबलेली, मणक्याची शस्त्रक्रिया झालेली किंवा हाडे ठिसूळ असलेली व्यक्ती यात बसू शकते की नाही. आणि सर्वांत कमी धक्क्याची जागा कोणती.